एका दिवसाची वाट

भानुदास, तू लंडनात वारल्याची तार आली तेव्हा मी रडलो होतो. त्याला आता दीड महिना होत आला. गेल्या आठवड्यात तुझ्याविषयी आणखी एक गोष्ट कळली, आणि मी इतका चिडलो की रात्री जेवलो नाही. बायकोला वाटलं, पुन्हा दुःख उमाळून आलं. मी तिला तसं वाटू दिलं. मनातलं बोलून दाखवायची मला सवय नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? ‘आमचा मुका मास्तर’ म्हणून चारचौघांत तू मला हिणवायचास. आज बोलतो. तू उलट बोलणार नाहीस म्हणून सोपं जातंय, असंही असेल.

तू विमानानं गेलाच नव्हतास.

हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं ते घाट्यांकडून. तुझ्या लंडनच्या खोलीतले ते सोबती, अकोल्याचे. मायदेशी परत येताना तुझा कोट, घड्याळ आणि दोन-चार पुस्तकं त्यांनी आठवणीनं आणली आणि परभणीला उतरून विचारत विचारत माझं घर गाठलं. भला माणूस. चहा घेता घेता मी सहज विचारलं, तुमची आणि भानुदासची ओळख कुठली? ते म्हणाले, बोटीवरची. ते वरच्या बर्थवर, तू खालच्या. एडन येईपर्यंत जीवलग झालात म्हणे.

मी म्हणालो, तुमची काहीतरी गफलत होतेय, आमचा भानुदास विमानानं गेला.

घाटे हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. “विमानानं? अहो मास्तर, ते सांताक्रूझच्या विमानतळावरून परत आलेले. शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि पिशवी विसरली म्हणून जे खाली उतरले, ते थेट लॉजवर. अभ्यासक्रमाला महिनाभर उशिरा पोचले, तरी घेतलं त्यांना. स्वतःच सांगायचे की हो, हसून हसून.”

हसून हसून. कपाची दांडी माझ्या बोटात तशीच राहिली.

आठव. तुझ्या मंजुरीचा कागद खात्यात कुठंतरी अडकून राहिला आणि सुटला तेव्हा विलायतेतला तुझा मातीपरीक्षेचा अभ्यासक्रम सुरू व्हायला आठ-दहा दिवस उरले होते. बोटीनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून सरकारनं विमानाचं तिकीट दिलं. सगळ्या पंचक्रोशीत विमानात बसणारा पहिला माणूस तू. त्या दिवसांत तू रोज संध्याकाळी सरकारी शेतकी फार्मावरून सुटलास की माझ्या शाळेत यायचास. मुलं गेलेली असायची. मी कपाटातून पृथ्वीगोल काढायचो. मुंबईवर एक टाचणी, लंडनवर एक, आणि मधे ताणलेला दोरा. तोच दोरा मग विषुववृत्तावर धरायचा, किती अंश भरले ते मोजायचे, अंशाला सुमारे एकोणसत्तर मैल. आपण भूगोल ‘जुगराफिया’ म्हणून शिकलो उर्दूतून, मी तो शिकवतो मराठीतून, पण दोऱ्याला भाषा लागत नाही म्हणून तो माझा लाडका. साडेचार हजार मैलांच्या आतबाहेर आकडा यायचा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी धरून तू वेगळाच आकडा काढायचास आणि मी तुला समजावायचो, की पृथ्वी गोल आहे, सपाट कागदावर सरळ दिसणारी वाट खरी जवळची नसते. हे तू माझ्याकडून निदान पाच वेळा ऐकून घेतलंस.

तुझं भांडण मात्र दुसरंच असायचं. विमान मधे उतरतं कुठं? कैरोला उतरतं, जिनिव्हाला उतरतं, हे मी कंपनीच्या छापील वेळापत्रकावरून सांगितलं होतं. तू म्हणायचास, मुंबई ते कैरो एवढा लांब टप्पा कसा असेल, मधे आणखी एखादं ठिकाण असेलच. मी म्हणायचो, नाही. तू म्हणायचास, पेट्रोल संपलं तर? समुद्र किती, जमीन किती, ते वेगळं मोज. मी कंटाळून मोजायचो. तू प्रवासाचे थांबे वाढवत होतास आणि मी ते खोडत होतो, कारण थांब्यागणिक माझी उतरायची वेळ पुढं जायची आणि मला ती दीड दिवसाच्या आत बसवायची होती.

मला वाटलं, तू चिकित्सा करतोयस. एवढ्या वर्षांत तुला एवढंच ओळखलं मी.

त्या हिशोबाची खरी गरज तुझ्या आईला होती. माणूस वाटेला लागलं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, डोक्यावरून न्हायचं नाही, ही तुमच्या पेडगावची रीत. कुणी परभणीच्या बाजाराला गेलं तर दुपारपर्यंत केरसुणी टेकवून ठेवायची, गंगाखेडला गेलं तर संध्याकाळपर्यंत, हैद्राबादला गेलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत. विलायतेचा कुणाला अंदाज? माय मला म्हणाली, मास्तर, तुमी शिकलेले, मला केरसुनी कवा उचलायची तेवढं सांगा. मी तिला सगळं सांगत बसलो, अगदी तिकडचं घड्याळ आपल्या मागं असतं तेसुद्धा. इथं दुपार होते तेव्हा तिथं नुकतं उजाडलेलं. ती विचारात पडली. “मंग तिकडं जाऊन माझं लेकरू आनखीन धाकलं व्हतंय म्हना,” म्हणाली. तू तेव्हा किती हसलास. मला आता वाटतं, त्या हसण्यातही काही होतं का? आता सगळंच तपासून बघायची खोड लागलीय मला, आणि ही तुझी देणगी.

निरोपाच्या दिवशी पारावर सगळं गाव जमलं. मी शाळेतून पृथ्वीगोल नेला होता. मी, जो लग्नातसुद्धा दोन शब्द बोलत नाही, त्या मी उभं राहून दोरा दाखवला, मैल सांगितले, तास सांगितले आणि तू अमुक दिवशी दिवेलागणीच्या आत लंडनला उतरशील हेही सांगितलं. पोरं ओरडली. तुझ्या थोरल्या भावानं मला मिठी मारली. तू पारावर मांडी घालून बसला होतास, गळ्यात हार, आणि माझ्याकडं बघत होतास. ती नजर मी अभिमानाची समजलो. गाडीत बसताना तू नुसता माझा हात धरून ठेवलास, गाडी हलेपर्यंत. आपल्यात अशी रीत नव्हती. ते मला नवलाचं वाटलं होतं, पण विचारलं नाही.

सांगितलेल्या दिवशी मी पेडगावला जाऊन ओट्यावर बसलो. घरात तीन दिवसांचा केर, मायचे केस तेलाविना भुरभुरलेले. वेळ भरली तशी मी म्हणालो, माय, उतरला. तिनं केरसुणी घेतली आणि माजघरापासून झाडत झाडत गल्लीपर्यंत आली. बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवसापासून गावात तिचं नाव ‘विमानवाल्याची माय’ पडलं. विहिरीवर तिला आधी पाणी भरू द्यायचे.

आणि तू त्या वेळी मुंबईत होतास. एखाद्या लॉजच्या खाटेवर पडून बोटीच्या तिकिटाची वाट बघत.

तुझं पहिलं पत्र यायला दीड-पावणेदोन महिने लागले. कामाची गर्दी, असं तू लिहिलंस, आणि पुढं लिहिलंस, “तुझ्या हिशोबाबरहुकूम उतरलो. दहा-पंधरा मिनिटांचाच काय तो फरक.” भानुदास, या एका ओळीवर मी चार वर्षं जगलो असं म्हटलं तर तुला हसू येईल. दर वर्षी नववीला तो धडा आला की मी दोरा काढायचो, गणित करून दाखवायचो आणि शेवटी तुझी ती ओळ सांगायचो. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या दोऱ्यानं काढलेलं उत्तर लंडनात खरं ठरलं. माझ्या आयुष्यात दुसरं काही खरं ठरल्याचं मला कुणी लिहून कळवलेलं नाही.

मग तू येईनास. अभ्यासक्रम संपला, तिथंच प्रयोगशाळेत नोकरी लागली, यंदा सुट्टी पुरत नाही, पुढच्या वर्षी बघू. बायको गेल्यापासून तू एकटाच होतास, तुला ओढून आणील असं इथं आईशिवाय कुणी नव्हतं. आम्ही पत्रं वाचायचो आणि एकमेकांकडं बघायचो. सुट्टी कशी पुरत नाही? दीड दिवस जायला, दीड दिवस यायला. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, कारण मीच ते सगळ्यांना शिकवलं होतं. बाजाराला जाऊन यावं तसं लंडन आम्हाला जवळ झालं होतं. तू तेवढ्या जवळ असून येत नव्हतास.

आता माझं ऐक. दोन दिवाळ्यांमागं माय माझ्या घरी आली होती. तुझं पत्र वाचून दाखवलं, पुन्हा तेच, सुट्टी. तिनं विचारलं, मास्तर, यील का वो? मला तुझा राग आलेला होता. मी म्हणालो, “माय, एका दिवसाची वाट आहे. मनात असतं तर आला असता.” ती पदर आवरून उठली. पण ते वाक्य ती घेऊन गेली. तू गेल्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत होती. लोक म्हणायचे, लेकरू परक्या देशात गेलं, आई, वाईट झालं. त्यावर ती कोरड्या डोळ्यांनी म्हणायची, एका दिसाच्या वाटंवर व्हता, मनात असतं तर आला असता. तुझ्यासाठी ती रडली नाही. गाव म्हणायचं, धक्का बसलाय. मला ठाऊक होतं ते काय आहे. तिच्या तोंडात माझं वाक्य होतं.

आणि आता घाटे माझ्या समोर बसून सांगत होते, की तू दर उन्हाळ्यात बोटीच्या कचेरीत जाऊन वेळापत्रक आणायचास. तीन आठवडे जायला, तीन यायला. प्रयोगशाळा वर्षाला देणार तीन आठवडे. विमानाच्या कचेरीतही दोनदा गेलास म्हणे, आणि दोन्ही वेळा दारातून परत. हे सगळं तू त्या माणसाला सांगितलंस. शिडीचं तर बोटीवरच्या दुसऱ्याच दिवशी, ज्याचं पूर्ण नावही तुला ठाऊक नव्हतं त्याला, कठड्याशी उभं राहून. आणि वसतिगृहात एका ताटात जेवलेल्या, तुझ्या लग्नात राबलेल्या आणि तुझ्या बायकोच्या तिरडीला खांदा दिलेल्या मला तू ‘दहा-पंधरा मिनिटांचा फरक’ लिहून पाठवलास.

मी घाट्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणजे, काही बोलला होता का माझ्याविषयी?

ते म्हणाले, “म्हणायचे, गावाकडं माझा एक मास्तर आहे. सगळ्या गावासमोर तास सांगून बसलाय. त्याचा हिशोब मोडला तर तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.”

बघ, यावर मी काय करावं? तू माझ्यासाठी खोटं बोललास. मला इतका हलका समजलास, की माझं एक गणित चुकलेलं मला सोसणार नाही. आणि सगळ्यात वाईट हे, की तेव्हा कदाचित नसतंही सोसलं. पण ते मला ठरवू द्यायचं होतंस. तू माझी लाज झाकलीस आणि त्यापायी तुझ्या आईनं तुला निर्दयी समजून दोन वर्षं काढली, मी तुला विसरभोळा आणि मग कृतघ्न समजलो, आणि तू ते तिकडं बसून सहन केलंस. कोणी सांगितलं होतं?

पोलीस ॲक्शनच्या वेळची ती दुपार आठवली. आपण पेडगावच्या शिवारात होतो आणि डोक्यावरून विमान घरघरत गेलं. सगळेच ज्वारीत आडवे झाले. विमान गेलं, सगळे उठले, धोतरं झाडून हसायला लागले. तू उठला नाहीस. मी येऊन ओढलं तेव्हा तू माती घट्ट धरली होतीस, दोन्ही मुठींत. पाय मुरगळला म्हणालास. पुढं दोन दिवस लंगडलासही.

घाट्यांना मायला भेटायचंच होतं, तुझा कोट तिच्या हातात द्यायचा होता. पेडगावला जाताना वाटेत मी त्यांना विनंती केली, की बोटीचं काही काढू नका. मनात सरळ हिशोब केला होता. गावात तुझं नाव आहे, तिचं नाव आहे. मेलेल्या माणसाला भित्रा कशाला ठरवायचं? शिवाय तिनं केरसुणी उचलली तेव्हा तू अजून वाटेलाही लागला नव्हतास, हे तिला कळलं तर? आपल्याच हातून अशुभ झालं म्हणून ती उरलेलं आयुष्य जाळून घेईल. भले गृहस्थ, लगेच मान डोलावली.

माय ओट्यावर बसली होती. कोट मांडीवर घेतला, खिसे चाचपले, घडी घातली. मग घाट्यांकडं बघून तिनं तेच सुरू केलं. “पावनं, तुमी तर येऊन पोचलाव की. माझा एका दिसाच्या वाटंवर व्हता. मनात असतं तर...”

घाटे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघत होतो. मला ते वाक्य तिच्या तोंडून पुरं ऐकवलं नाही.

“माय, तो एका दिवसाच्या वाटेवर नव्हता,” मी म्हणालो. “तो विमानात बसला नाही. भ्याला. बोटीनं गेला. ती वाट तीन आठवड्यांची. त्याला यायचं होतं, त्याला सुट्टी पुरत नव्हती. मनात असतं तर, हे मी बोललो होतो. मला काही माहीत नव्हतं.”

तुझी वहिनी दारात आली आणि तिथंच थांबली. मायनं घाट्यांना विचारलं, खरं का वो? त्यांनी मान हलवली. ती कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, जायला तीन, यायला तीन, आन सुट्टी किती देत व्हते? तीनच, घाटे म्हणाले. ती बोटांवर काहीतरी करत होती. “मंग कसं यील त्यो,” म्हणाली. “रस्त्यातच सरती की सुट्टी.”

मी केरसुणीचीच भीती धरून बसलो होतो, आणि तिला ते आठवलंच. “म्हंजी म्या झाडलं तवा त्यो मुंबईतच व्हता म्हना.” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “बरं झालं. भुईवर तरी व्हता.”

आणि मग ती रडली, भानुदास. चार वर्षांत पहिल्यांदा. वहिनी तिला धरून बसली. मधेच माय वर बघून मला म्हणाली, “भ्याला तर घरी का न्हाई आला, मास्तर? म्या काय बोलले असते त्येला?”

मी म्हणालो, “माझ्यामुळं.” तिनं मला समजावलं नाही, दोषही दिला नाही. ती मला म्हणाली ते एवढंच, की चहा घेतल्याबगर जाऊ नका.

थोड्या वेळानं शेजारची पारूबाई भेटायला आली. तिला माय म्हणाली, “बाई, माझं लेकरू बोटीनं गेलतं. लय लांबची वाट. तीन हप्ते पानीच पानी.” पारूबाईनं माझ्याकडं बघितलं, मी पारावर केलेलं भाषण तिलाही पाठ होतं. मी म्हणालो, खरं आहे, बोटीनं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असणार. विहिरीवर आता तिला आधी पाणी भरू देतात की नाही, कोण जाणे. तिला त्याचं काही पडलेलं दिसलं नाही.

तिनं तुला माफ केलं. एका दुपारीत, बोटांवर सुट्टी मोजून. मी अजून केलेलं नाही, आणि करीन असं वाटतही नाही. तू माझ्यापासून तुझी भीती लपवलीस. मी ती ओळखली नाही, हा माझा गुन्हा, तो मी कबूल करतो. पण तुझा तुझ्या जागी आहे. एक ओळ लिहायची होतीस. ‘मास्तर, शिडीवरून परत आलो’ एवढी. पत्र विमानानंच येतं, त्याला भीती वाटत नाही.

घाट्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. गाडीला उशीर होता. मी त्यांना म्हणालो, तो पायऱ्या चढला आणि उतरला, ते पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं. पिशवी विसरली म्हणालास, विमानातली बाई म्हणाली पिशवी तुमच्या हातातच आहे, तू म्हणालास दुसरी, आणि चालू पडलास, मागं न बघता, ताठ, पाहणी करून परत निघालेल्या साहेबासारखा. घाट्यांना तुझी नक्कल छान येते. माझी नक्कलही तू बोटीवर करायचास म्हणे, दोरा दातात धरून. मला हसू आलं. तू तेव्हा समोर येऊन हे सांगितलं असतंस तर तेव्हाही आलं असतं, मी पैजेवर सांगतो. किंवा नसतं आलं, पण हळूहळू आलं असतं. मी म्हणालो, अजून एकदा सांगा. पण गाडी आली होती.